फुकट्या शेजाऱ्याची भीती पुरे

घरच्या वायफायच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की बोलणं लगेच पासवर्डवर येतं आणि तिथेच संपतं. पासवर्ड अवघड ठेवा, कोणाला सांगू नका, नाहीतर वरच्या मजल्यावरचा मुलगा तुमच्या नेटवर सिनेमे बघत बसेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, सल्लाही चुकीचा नाही. त्यामागची समजूत मात्र उथळ आहे. वायफाय ही माझी मालमत्ता, धोका म्हणजे तिची चोरी, आणि कुलूप लावलं की माझं काम झालं, असं ती धरून चालते. महिन्याला ठरावीक पैसे भरून हवा तेवढा डेटा मिळण्याच्या दिवसांत शेजाऱ्याने चार सिनेमे पाहिले तर माझं जातं काय? फार तर संध्याकाळी मुलीशी चाललेला व्हिडिओ कॉल अडखळेल.

माझं म्हणणं असं आहे. घरच्या राउटरला दोन तोंडं असतात. एक घरातल्या हवेत उघडतं, दुसरं जगाच्या रस्त्यावर. आपण सगळी काळजी पहिल्याची करतो. मोठं नुकसान दुसऱ्यातून होतं, आणि तेही बहुतेक वेळा आपलं होत नाही, तिसऱ्याच कोणाचं तरी होतं. म्हणून हा प्रश्न मालमत्ता राखण्याचा कमी आणि नागरी जबाबदारीचा जास्त आहे. आणि एकदा तो जबाबदारीचा म्हणून मान्य केला, की ती सगळी घरमालकाच्या गळ्यात घालून मोकळं होता येत नाही, हेही ओघाने आलं. हे मी म्हैसूरमध्ये बसून लिहितो आहे, आणि या शहराचा या विषयाशी असलेला संबंध वाटतो त्याहून जुना आहे.

परवाना गेला, नाव राहिलं

१९३५ मध्ये इथल्या महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी, 'विठ्ठल विहार'मध्ये, ३० वॉटचं प्रक्षेपण यंत्र बसवून रेडिओ केंद्र सुरू केलं. देशाच्या रेडिओने पुढे घेतलेलं 'आकाशवाणी' हे नाव याच केंद्राचं. त्या घरातून निघालेली लहर जितकी लांब जाईल तितकी हवीच होती. आजच्या घरगुती राउटरची ताकद दशांश वॉटच्या आसपास असते आणि अपेक्षा नेमकी उलटी: सिग्नल हॉलमधून मागच्या खोलीपर्यंत पोचावा, पण कंपाउंडबाहेर कोणाला ऐकू जाऊ नये. लहरींना आपली अपेक्षा कळत नाही. भिंत त्यांना क्षीण करते, अडवत नाही. तुमच्या फोनला रस्त्यावर जे नेटवर्क दिसत नाही, ते चांगला अँटेना घेऊन बसलेल्याला दिसतं.

गोपालस्वामींच्या काळात घरात साधा रेडिओ संच ठेवायलासुद्धा परवाना लागे. १९३३ चा इंडियन वायरलेस टेलिग्राफी अॅक्ट त्यासाठीच होता, आणि पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरून येणं हे आमच्या वडीलधाऱ्यांचं दर वर्षीचं काम असे. पुढे जमाना बदलला. जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचाही मोठा भाग मोकळा केला, आणि घरोघरी छोटी प्रक्षेपण केंद्रं आली. झालं ते उत्तमच झालं. (पहिला पट्टा मोकळा झाला त्याच दशकात म्हैसूरचा देशातलं पहिलं वायफाय शहर म्हणून गवगवा झाला होता, त्या उत्साहाचं पुढे काय झालं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

परवान्याबरोबर एक गोष्ट गेली आणि एक राहिली. आपण घरात एक प्रक्षेपक चालवतो आहोत, ही जाणीव गेली. नाव राहिलं. कोणत्या वेळी कोणता आयपी पत्ता कोणाच्या जोडणीला दिला होता, याची नोंद नेट देणाऱ्या कंपनीकडे असते, आणि त्या नोंदीत नाव असतं अर्ज भरून ओळखपत्राची झेरॉक्स देणाऱ्याचं. त्या पत्त्यावरून काय केलं गेलं याचा पहिला जाब त्यालाच विचारला जातो. सरकारने परवानगी मागायला लावणं सोडलं. जबाबदार कोण हे विचारणं सोडलेलं नाही.

१. हवेतून आत येणारे

आधी ज्याची सर्वांना भीती वाटते तेच पाहू, कारण तिथेही भीती चुकीच्या जागी आहे. वायफायची पहिली कूटपद्धत डब्ल्यूईपी. तिच्यातला गणिती दोष २००१ मध्ये उघड झाला आणि २००७ पर्यंत ती एका मिनिटाच्या आत फुटू लागली. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आली, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. बहुतेक घरांत आज डब्ल्यूपीए-२ चालते आणि तिचं कूटलेखन भक्कम आहे. बेल्जियमचे संशोधक मॅथी व्हानहूफ यांनी २०१७ मध्ये 'क्रॅक' या नावाने तिच्यातली एक मोठी फट दाखवली, पण ती अपडेटने बुजवता आली. अर्थात ज्या यंत्रांना अपडेट मिळालं त्यांचीच. कूटलेखन भक्कम असूनही कच्चं राहतं ते आपण निवडलेलं वाक्य किंवा आकडा.

हल्ला होतो तो असा. तुमचा फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. रस्त्यावर उभ्या गाडीत बसून ती टिपता येते. टिपणारा मग घरी जातो आणि स्वतःच्या मशीनवर एकेक अंदाज निवांत ताडून पाहतो. तीन वेळा चुकलं म्हणून दार बंद होण्याची भानगड नाही, कारण तो तुमच्या दाराशी नाहीच. आता आपल्याकडे पासवर्ड काय असतो? मोबाइल नंबर. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ पैकी एकाने सुरू होणारा, म्हणजे शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड. पण सेकंदाला दहा लाख अंदाज तपासणारं ग्राफिक कार्ड आज गेम खेळणाऱ्या पोरांकडे असतं. हिशेब करा: ४,००० सेकंद. सव्वा तासाच्या आत देशातले सगळे संभाव्य नंबर तपासून संपले. गाडीचा नंबर तर त्याहून स्वस्त. म्हैसूरची गाडी म्हणजे केए-०९ किंवा केए-५५, पुढे दोन अक्षरं, चार आकडे. एकूण सुमारे १ कोटी ३५ लाख शक्यता. चौदा सेकंद पुरेत. याउलट पाच हजार साध्या मराठी शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून कोणतेही पाच उचलले आणि रोमन लिपीत एकापुढे एक लिहिले, तर त्याच कार्डाला सगळ्या जोडण्या तपासायला जवळजवळ एक लाख वर्षं लागतील. लक्षात ठेवायलाही ते सोपं. अट एकच, शब्द खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडायचे. देवाचं नाव, नातवाचं नाव आणि जन्मसाल असं जुळवायचं नाही.

पण हा हिशेब अख्खा वाया घालवणारी एक सोय राउटरमध्ये असते. डब्ल्यूपीएस. पासवर्ड टाइप करायचा त्रास नको म्हणून आठ आकडी पिन देऊन यंत्र जोडण्याची सोय. डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फीबॉक या संशोधकाने तिच्यातली गोम दाखवली, आणि ती इतकी साधी आहे की हसू येतं. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता असं आपल्याला वाटतं. पण आठवा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो, म्हणजे उरल्या १ कोटी. त्यात राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि ते बरोबर की चूक हे लगेच सांगून टाकतो. म्हणजे आधी १०,००० अंदाज, मग उरलेल्या तिनांचे १,०००. एकूण ११,०००. काही तासांचं काम. हा पिन पुष्कळदा राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेला असतो, आणि बऱ्याच जुन्या राउटरांत ही सोय चालूच असते. वर साठ अक्षरी पासवर्ड असला तरी कोणाला त्याची गरज पडत नाही.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि ठरावीक यंत्रांच्याच मॅक पत्त्यांना, म्हणजे यंत्राच्या ओळखक्रमांकांना, आत घेणं, हे दोन उपाय हौशी मंडळी आवर्जून सांगतात. दोन्ही सोडून द्या. लपवलेलं नाव तुमचा फोनच जिथे तिथे पुकारत फिरतो, आणि मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो. शिवाय अलीकडचे फोन तो पत्ता स्वतःच बदलत असतात.

तर हवेच्या बाजूचा बंदोबस्त अर्ध्या तासाचा आहे. डब्ल्यूपीए-२ किंवा ३, बरा पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद. या बाजूच्या हल्लेखोरावर निसर्गाचंच एक बंधन आहे: त्याला तुमच्या गल्लीत यावं लागतं. आपली सगळी चर्चा या एका माणसाभोवती फिरत राहते, आणि ज्यांना गल्लीत यावं लागत नाही ते राहून जातात.

२. माझ्या नावाने बाहेर जाणारं

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी माध्यमांना एक ईमेल गेला होता. तपास यंत्रणा आयपी पत्त्याचा माग काढत पोचल्या त्या नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांच्या वायफायला पुरेसं संरक्षण नव्हतं आणि दुसऱ्याच कोणी ते वापरून ईमेल पाठवला होता. त्या गृहस्थांचा कटाशी संबंध नव्हता, पण ते निष्पन्न होईपर्यंत त्यांना पोलिसी चौकशीतून जावं लागलं, आणि नाव जगभर झालं ते झालंच. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं नेटवर्क अशाच ईमेलांसाठी वापरलं गेलं. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय नेटवर्कं शोधत फिरण्याची मोहीम जाहीर केली, आणि दूरसंचार विभागाने त्याच फेब्रुवारीत सेवादारांना वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याची सूचना दिली.

या प्रकरणातून आपण काय शिकलो? एवढंच, की पासवर्ड ठेवावा. खरं तर प्रश्न उघड्या नेटवर्कापुरता नाहीच. ज्याला आपण राजीखुशीने पासवर्ड देतो त्याचं काय? म्हैसूरच्या गोकुलम भागात योग शिकायला येणारे परदेशी विद्यार्थी वर्षानुवर्षं घरांतल्या खोल्या भाड्याने घेऊन राहतात. हेब्बाळ, हूटगळ्ळीच्या बाजूला नोकरदार पोरांचे पीजी आहेत. परदेशी पाहुणा आला की घरमालकाने चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते, आणि दंडाच्या धाकाने ती बहुधा कळवली जाते. त्याच पाहुण्याला त्याच दिवशी घरातल्यांचंच वायफाय दिलं जातं. पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला. त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवरून पुढच्या भाडेकरूला, त्याच्याकडून त्याच्या मित्राला. दोन वर्षांनी तो किती जणांकडे आहे हे मालकालाही ठाऊक नसतं. यात पाहुण्यावर संशय घेण्याचा मुद्दा नाही. पाहुण्याचा फोन पाहुण्याच्याही नकळत बिघडलेला असू शकतो. बहुतेक राउटरांत 'गेस्ट नेटवर्क' असतं: वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि त्यावरच्या माणसाला घरातली बाकीची यंत्रं दिसत नाहीत. खोली रिकामी झाली की तो पासवर्ड बदलायचा. मात्र कंपनीच्या दप्तरी बाहेरचा पत्ता तोच, तुमच्या नावाचा राहतो. ज्याला व्यवसाय म्हणून खोल्या द्यायच्या आहेत त्याने भाडेकरूंसाठी निराळी जोडणी घ्यावी, हे सरळ.

३. रस्त्याकडून आत येणारे

आता दुसरं तोंड. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या कर्नाटक विभागातल्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम एकाएकी बंद पडू लागले. ग्राहकांनी नेहमीप्रमाणे 'नेट डाउन आहे' म्हणून तक्रारी केल्या. नेट डाउन नव्हतं. मोडेमांवर एका घातकी प्रोग्रामचा हल्ला झाला होता, आणि बळी पडले होते ते मुख्यतः असे मोडेम, ज्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी कधी बदललाच नव्हता. नाव 'अॅडमिन', पासवर्ड 'अॅडमिन'. कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदला असं जाहीर सांगावं लागलं. हल्ल्याचा संबंध 'ब्रिकरबॉट' या प्रोग्रामशी जोडला गेला, आणि त्याच्या निनावी कर्त्याचा दावा तर आणखी विचित्र होता: अशी बेवारशी यंत्रं दुष्टांच्या हाती पडण्याआधी मी ती मारून टाकतो आहे!

इथे नेमकं पाहायला हवं. बदलायचा राहिला तो वायफायचा पासवर्ड नव्हे. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक घरात येण्याचा, जो आपण पाहुण्याला सांगतो. दुसरा राउटरच्या कारभाराचा, ज्याने ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ सारखा पत्ता टाकून आतली सगळी मांडणी बदलता येते. पहिला पुस्तकाएवढा लांब असूनही दुसरा 'अॅडमिन' असेल, आणि राउटरचं कारभाराचं पान बाहेरच्या बाजूने उघडं असेल, तर घरात शिरायला कोणाला तुमच्या गल्लीत, शहरात, देशात यावं लागत नाही. कर्नाटकातल्या त्या मोडेमांवर हवेतून कोणीही आलं नव्हतं. सुशिक्षित घरांतसुद्धा हा दुसरा पासवर्ड अस्तित्वात आहे हेच माहीत नसतं. टेक्निशियन येतो, पहिला पासवर्ड काय ठेवू विचारतो, दुसऱ्याचा विषय काढत नाही.

कर्नाटकात यंत्रं नुसती मेली, म्हणून निदान लक्षात तरी आलं. एरवी लक्षात येत नाही, कारण कब्जा घेणाऱ्याला यंत्र चालूच हवं असतं. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातल्या नाव-पासवर्डाच्या साठेक जोड्यांची यादी वापरून जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' या कंपनीवर इतका मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत तासन्‌तास अडखळल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्या फौजेत होते त्यांना त्या दिवशी काही जाणवलं नसेल. ब्राझीलमध्ये २०११ पासून सुमारे ४५ लाख मोडेमांची एकच मांडणी बदलली गेली: वेबसाइटचा पत्ता कोणाला विचारायचा, ती. लोक बँकेचं नाव अचूक टाइप करत होते आणि भलत्याच पानावर पोचत होते. २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाचा प्रोग्राम ५४ देशांतल्या पाच लाख राउटरांत सापडला. अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा चालू करा असं जाहीर आवाहन केलं.

या सगळ्यात नुकसान कोणाचं झालं ते बघा. ब्राझीलमध्ये घरमालकाचं, पण मिरायमध्ये तिसऱ्याच लोकांचं. गच्चीवरच्या उघड्या टाकीत डास होतात तेव्हा टाकीच्या मालकालाच डेंगी होतो असं थोडंच आहे? म्हणून महापालिकेचा माणूस टाकी बघायला येतो, आणि 'माझी गच्ची आहे' हे उत्तर आपण मान्य करत नाही. राउटरच्या बाबतीत ते उत्तर आपण सर्रास मान्य करतो.

४. आतले आणि आतले

आणखी एक समजूत: जे घरात आहे ते आपलं, भरवशाचं. घरच्या नेटवर्कावर आज टीव्ही आहे, दारावरचा कॅमेरा आहे, एखादा स्मार्ट प्लग आहे, मुलाच्या कंपनीचा लॅपटॉप आहे. हे सगळे एकमेकांना पाहू शकतात. २०२० च्या टाळेबंदीपासून म्हैसूरच्या कितीतरी घरांतल्या जेवणाच्या टेबलांवर कोणा ना कोणा कंपनीचं ऑफिस भरतं. त्या ऑफिसचा राखणदार म्हणजे हॉलमधली दोन अँटेनांची डबी, जिचं सॉफ्टवेअर बसवल्या दिवसापासून कोणी बदललेलं नाही. टीव्ही, कॅमेरे आणि तत्सम स्वस्त वस्तूंना गेस्ट नेटवर्कावर ढकलून द्यावं. त्यांना इंटरनेट लागतं, तुमचा लॅपटॉप लागत नाही.

तरीही असं म्हणाल

'मी कोण मोठा? माझ्या मागे कोण लागेल?' हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कच्चा आहे. कोणी तुमच्या मागे लागत नाही. तुम्ही कोण हे पाहिलंच जात नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण ४३० कोटींच्या घरात आहेत, आणि ते सगळे एका चांगल्या जोडणीवरून पाऊण तासात ठोठावून पाहणारं 'झेडमॅप' हे साधन २०१३ मध्येच प्रसिद्ध झालं. रस्त्यावरच्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघणाऱ्याला घरमालकाची इस्टेट विचारायची गरज नसते.

'आता सगळं एचटीटीपीएस आहे, वायफाय ऐकून कोणाला काय मिळणार?' हा आक्षेप खरा आहे आणि मी तो आनंदाने मान्य करतो. बँकेची, ईमेलची, व्हॉट्सअॅपची वाहतूक आता यंत्रापासून यंत्रापर्यंत कूटबद्ध जाते. हवेत कान लावणाऱ्याच्या हाती पूर्वीच्या मानाने फार कमी लागतं. पण याने माझंच म्हणणं पक्कं होतं. हवेचा धोका कमी झाला. रस्त्याचा झाला नाही. मिरायला कोणाचं काही वाचायचंच नव्हतं.

जाणकार म्हणतील, आमच्या नेटवाल्याने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कित्येक घरं ठेवली आहेत, बाहेरून कोणी येऊच शकत नाही. हे अर्धं खरं. पण आयपीव्ही-६ च्या नव्या पत्त्यांच्या वापरात भारत जगात पुढे आहे आणि तिथे प्रत्येक घराला स्वतःचा पत्ता मिळतो. शिवाय घरातला एक बिघडलेला फोन आतूनच राउटरचं कारभाराचं पान ठोठावू शकतो. तिथे 'अॅडमिन' चाललं की संपलं.

सर्वांत वजनदार आक्षेप अमेरिकन सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांचा. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी लिहिलं, की मी माझं घरचं वायफाय मुद्दाम उघडं ठेवतो. पाहुण्याला गरम चहा विचारावा तसा तो शिष्टाचार आहे. आणि माझी यंत्रं स्वतःच इतकी सुरक्षित आहेत की नेटवर्क बंद असण्यावर मी विसंबत नाही. त्याच वर्षी सहा महिन्यांनी सानपाड्याचं प्रकरण घडलं. श्नायर यांच्या युक्तिवादाचा दुसरा अर्धा भाग मला पूर्ण पटतो: विश्वास यंत्रावर ठेवा, हवेवर नको. पहिला अर्धा भाग सुंदर आहे, पण तो एका अटीवर उभा आहे. तुमच्या पत्त्यावरून कोणी गुन्हा केला तर तुम्ही आणि गुन्हेगार यांत फरक करायला पोलिसांना वेळ आणि कौशल्य असलं पाहिजे. ती अट पुरी होईपर्यंत आपल्याकडे चहाचा कप गेस्ट नेटवर्कावर ठेवलेला बरा.

हे कोणी करायचं

राहतो तो खरा अडचणीचा आक्षेप: कुवेंपुनगरात एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या आजींनी ब्राउझरमध्ये आकडे टाकून राउटरचा कारभार बघायचा का? नाही. आणि इथेच 'जागरूक राहा' छापाच्या सगळ्या मोहिमा फसतात. जबाबदारी सार्वजनिक आहे असं म्हणायचं आणि ती पार पाडायचं काम ज्याला सर्वांत कमी कळतं त्याच्यावर सोपवायचं, ही लबाडी आहे. घरात लागलेला फायबरचा डबा पुष्कळदा कंपनीचाच असतो, भाड्याने किंवा अनामतीवर दिलेला. त्याच्या वरिष्ठ खात्याचा पासवर्ड कंपनीकडे असतो, ग्राहकाला तो दिलाही जात नाही. दुरून मांडणी बदलण्याची यंत्रणा कंपनीच चालवते. मग अपडेट देणं, प्रत्येक डब्याला वेगळा पासवर्ड घालून आणणं, डब्ल्यूपीएस बंद करून देणं हे काम निःसंशय तिचंच. ग्राहकाने स्वतः दुकानातून आणलेल्या राउटरचा भार ग्राहकावर, हे चालेल. तोही बनवणाऱ्याला पूर्ण सोडून नव्हे.

हे अशक्य नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून सर्व यंत्रांना एकच पासवर्ड घालून विकण्यावर बंदी आणली. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून तेच केलं आणि त्यात आणखी दोन अटी घातल्या: त्रुटी सापडली तर कोणाला कळवायची हे कंपनीने सांगायचं, आणि सुरक्षेची अपडेटं किमान कधीपर्यंत देणार हे विकतानाच जाहीर करायचं. आपल्याकडे दूरसंचार विभागाचं नॅशनल सेंटर फॉर कम्युनिकेशन सिक्युरिटी इथून तीन तासांवर बेंगळुरूत आहे, आणि घरगुती वायफाय उपकरणांसाठी त्याने निकषही तयार केले आहेत. पण निकष नव्या यंत्राची परीक्षा घेतात. पाच-सहा वर्षांपूर्वी भिंतीवर ठोकलेल्या डब्याचा त्यात विचार नाही, आणि तो डबा आणखी तितकीच वर्षं तिथेच राहणार, कारण तो 'चालतो'. चालणं आणि सुरक्षित असणं यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. हिरवा दिवा दोन्ही वेळा लागतो.

यंत्र बाद कधी झालं हे ग्राहकाला कळायला एक सोपी गोष्ट पुरेल. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यापासून राउटरच्या खोक्यापर्यंत प्रत्येक बंद पाकिटावर किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापणं कायद्याने सक्तीचं आहे. त्याच चौकटीत आणखी एक ओळ बसते: सुरक्षेची अपडेटं अमुक तारखेपर्यंत. तीच तारीख बुडाच्या स्टिकरवरही हवी, कारण खोकं पहिल्याच आठवड्यात रद्दीत जातं. कंपनीने दिलेल्या डब्याच्या बाबतीत ती तारीख उलटली की डबा बदलून द्यायचा, खर्च मासिक भाड्यातून. कंपन्या म्हणतील दर वाढतील. थोडे वाढतीलही. आज तो खर्च होतच नाही असं नाही. फक्त तो भरणारा कधी सानपाड्यातला भाडेकरू असतो, कधी ब्राझीलमधला बँकेचा ग्राहक. पुढचं रिचार्ज करताना नेटवाल्याला तीन गोष्टी विचारायला हरकत नाही: या डब्याला शेवटचं अपडेट कधी मिळालं, यापुढे कधीपर्यंत मिळणार, आणि कारभाराचा पासवर्ड प्रत्येक घरी वेगळा आहे का. उत्तर देता आलं नाही तर तेही एक उत्तरच धरावं, आणि ते ग्राहक सेवेला लेखी विचारावं.